भंगारात जाण्याआधी : सुतारकामाची जुनी यंत्रं शोधताना

आम्ही अकराजणींच्या बचत गटाकडून बोलतोय. गेल्या महिन्यात जत्रेत आमचा पोळपाट-लाटण्यांचा गाळा बघून बऱ्याच जणींनी विचारलं होतं, "हे तुम्हीच करता? लेथ कुठून आणलं? जुनं कसं काय घेतलं, फसला नाहीत का?" एकेकीला उत्तर देताना गिऱ्हाईक निघून जायला लागलं, म्हणून म्हटलं रेडिओवरच सांगून टाकू. आजच्या भागात तेवढंच. सुतारकामाची जुनी यंत्रं कुठं सापडतात, ती कशी बघायची, आणि कोणती फुकट मिळाली तरी घरी आणायची नाहीत.

आधी आम्ही पोळपाट-लाटणी विकत आणून विकायचो. एका लाटण्यामागं सुटायचं ते इतकं कमी की गाडीभाडं गेलं की हातात सुट्टे पैसेच. लाकूड आपल्या भागातलं, बाभूळ आपल्याच बांधावरची, आणि कातून येणार दुसऱ्या जिल्ह्यातून. मग गटाच्या बैठकीत विषय निघाला की आपणच का कातू नये. नव्या लेथचं कोटेशन आणलं. आकडा बघून सगळ्या गप्प झाल्या. आमच्यातल्या एका काकी म्हणाल्या, "शिलाई मशीन आपण सगळ्यांनी जुनीच घेतली की. त्यातलं एक तरी बंद पडलंय का?" तिथून जुन्याचा शोध सुरू झाला.

जुन्याच्या बाजूनं एक खरी गोष्ट आहे. पूर्वीच्या यंत्रांचा सांगाडा बिडाचा असायचा, ओतीव लोखंडाचा. तो जड. लाकूड जोरात फिरायला लागलं की यंत्राला कंप सुटतो, आणि बीड तो कंप पिऊन टाकतं. हलक्या पत्र्याच्या सांगाड्यावर तेच लाकूड लावलं की सगळं यंत्रच थरथरतं, आणि पटाशी लाकडावर नाचते. बिडाचा सांगाडा पन्नास वर्षं पडून राहिला तरी सडत नाही. खराब होतं ते बेअरिंग, पट्टा, मोटार, वायर. हे सगळं आजही बाजारात मिळतं. म्हणून जुन्या यंत्रात आपण सांगाडा विकत घेत असतो, बाकीचं बदलायचंच आहे असं धरून चालायचं.

आपल्या भागाला बिडाचं कौतुक नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर ओतले, ते किर्लोस्करवाडी. त्याच वाडीतून १९३० पासून 'स्त्री' मासिक निघायला लागलं. एकाच गावात एकीकडं बीड ओतलं जात होतं आणि दुसरीकडं बायकांसाठी मासिक छापलं जात होतं. यंत्र हा बाईचा विषय नाही असं कुणी म्हणालं की आम्ही हे सांगतो. असो.

कुठं शोधायचं? पहिली जागा आपलंच गाव आणि शेजारची चार गावं. प्लायवूडचं तयार फर्निचर आल्यापासून कितीतरी सुतारांच्या आणि काताऱ्यांच्या घरातलं काम थांबलं. पोरं शहरात गेली. यंत्र परड्यात ताडपत्रीखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, त्यावर शेणी रचलेल्या असतात. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण आपण बायका एकमेकींच्या परड्यात जातो, आपल्याला दिसतं. गटाच्या बैठकीत नुसतं विचारा, "कुणाच्या माहेरी, सासरी, शेजारी असं काही आहे का?" आमच्या गटात एका बैठकीत चार यंत्रांचा पत्ता लागला.

दुसरी जागा म्हणजे भंगारवाले आणि जुने बाजार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यानपिढ्या चालतं, तिथं जुनी यंत्रं घेणारे-विकणारे भेटतात, आणि मोडलेला भाग करून देणारेही भेटतात. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथं अख्खं यंत्र मिळेलच असं नाही, पण पटाश्या, रंधे, शिकंजे मिळतात. तिसरी जागा सरकारी लिलाव. आयटीआय, तांत्रिक शाळा, एसटीचे आणि रेल्वेचे कारखाने जुनी यंत्रं 'निर्लेखित' करतात, म्हणजे हिशेबातून काढतात, आणि लिलावात विकतात. रेल्वेचे डबे पूर्वी लाकडी असत. १९५५ मध्ये पेरांबूरचा कारखाना सुरू झाला आणि पोलादी डबे वाढत गेले, तशी लाकूडकामाची यंत्रं मागं पडली. त्यातली काही थेट इंग्लंडहून आलेली, लेस्टर गावच्या वॅडकिन कंपनीची पाटी असलेली. कुणाला अशी पाटी दिसली तर काढून विकू नका, यंत्राला तशीच राहू द्या. पण लिलावात एक अट असते, 'जसे आहे, जिथे आहे'. म्हणजे नंतर तक्रार चालत नाही, आणि ठरलेल्या दिवसांत माल उचलावा लागतो. पहिल्याच खेपेला गटानं तिकडं जाऊ नये असं आमचं मत आहे.

मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती येतात, त्यांच्याबद्दल एकच सांगतो. यंत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय, हातानं फिरवल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. "मी लांब नोकरीला आहे, ॲडव्हान्स टाका, माल पाठवतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा. आणि पैसे आपल्याला मिळायचे असतील तेव्हा पिन टाकावा लागत नाही. कुणी कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं तर ते पैसे काढायलाच सांगतोय.

आता पारखायचं कसं. बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटानं वाजवतो. टण् वाजला तर घेतो, भद्द वाजला तर ठेवतो. बिडाचंही तसंच आहे. लहान हातोडीनं सांगाड्यावर ठिकठिकाणी हलकेच वाजवायचं. धड बीड घंटेसारखं वाजतं. चीर असेल तिथं आवाज बसतो. संशय आला तर रॉकेल आणि खडूची परीक्षा करायची. तेवढ्या जागेवरचा रंग खरवडायचा, रॉकेल लावायचं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसायचं, आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. शाळेतल्या खडूचा तुकडा आणि बाटलीच्या बुडाला रॉकेल, एवढ्यावर काम होतं. रॉकेल नसेल तर डिझेल चालतं.

ही परीक्षा आम्ही एका भंगारवाल्याकडं केली ती ऐका. लेथ हिरवंगार रंगवलेलं, नवंच वाटावं असं. आम्ही तिघी गेलो होतो, आणि टेम्पोवाले दादा. शेठ बोलत होते ते सगळं टेम्पोवाल्या दादांशी. "साहेब, याची मोटार बघा, साहेब, हे घेऊन जा." ते दादा बिचारे फक्त भाड्यानं आलेले, त्यांना लेथमधलं काहीच कळत नव्हतं. ते आपले मान हलवत होते. आम्ही एका पायावर हातोडी वाजवली, आवाज भद्द आला. म्हटलं, "शेठ, इथला रंग जरा खरवडू का?" ते म्हणाले, "ताई, रंग कशाला खराब करता, कालच मारलाय." आम्ही म्हटलं, "मग राहू द्या." त्यावर त्यांनी स्वतःच दोन हजार कमी केले. भाव असा न मागता उतरला की आम्हाला उलट भीती वाटते. आम्ही निघून आलो. ताजा रंग दिसला की आधी संशय घ्यायचा, मग यंत्र बघायचं. गंज चालतो, रंग चालत नाही, असं आमच्या काकी म्हणतात. वरवरचा गंज तर तांब्या-पितळेसारखाच निघतो. चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं पाणी लावायचं, घासायचं, पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं आणि लगेच तेलाचा हात द्यायचा. लगेच म्हणजे लगेच. चहा करून येते म्हटलं तर तेवढ्यात पुन्हा गंज चढतो. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडायचा, आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही.

बीड बघून झालं की फिरणारा कणा बघायचा, म्हणजे स्पिंडल. पट्टा काढून हातानं फिरवायचा आणि कान लावायचा. जात्यात खडा आल्यासारखा कर्र आवाज आला तर बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, पण भाव करताना त्याचे पैसे धरायचे. मग कणा दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवायचा. बेअरिंगच्या जागेतच ढिलाई असेल, म्हणजे बेअरिंग ज्या घरात बसतं ते घरच झिजलेलं असेल, तर खर्च वाढतो. बेअरिंगवर आकडा असतो, समजा ६२०६. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं, ०६ गुणिले ५ म्हणजे ३०. तेवढ्या मिलीमीटर जाडीचा कणा त्यात बसतो. दुकानात हा आकडा सांगितला की दुकानदार आपल्याशी सरळ बोलायला लागतो, हा आमचा अनुभव आहे.

लेथला दोन डोकी असतात. डावीकडचं फिरतं, उजवीकडचं सरकतं. उजवीकडचं सरकवत डावीकडच्याजवळ आणायचं. दोन्ही टोकं सुईसमोर सुई आल्यासारखी जुळली पाहिजेत. शेवटी सुटे भाग मोजायचे. पटाशी टेकवायची पट्टी आहे का? पोळपाट बसवायची गोल तबकडी आहे का? पाने आहेत का? तबकडी कण्याच्या आट्यांवर बसते, आणि जुन्या यंत्राच्या आट्या आजच्या तबकडीला जुळतीलच असं नाही. ती हरवली असेल तर मुद्दाम करून घ्यावी लागते.

आता आमच्या लेथची गोष्ट. ते मिळालं शेजारच्या गावात, एका आजींच्या परड्यात. आजींचे मालक कातारी. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, रव्या, भोवरे असलं काम करायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुंबईला. आम्ही गेलो तेव्हा लेथवर तुराट्या रचलेल्या होत्या, आणि भंगारवाल्यानं आधीच भाव सांगून ठेवला होता, किलोवर. मोटार तर त्या आधीच कुणीतरी नेली होती. बुधवारी येतो, उचलून नेतो, असं तो सांगून गेला होता. आम्ही सोमवारी गेलो.

आम्ही हातोडी काढली तशा आजी म्हणाल्या, "काय वाजवताय पोरींनो, त्याला काय बी झालेलं न्हाई. डाव्या अंगाचं बेअरिंग दुपारपर्यंत तापतं, तेवढं बघा." आम्ही विचारलं, "आजी, तुम्हाला कसं माहीत?" तेव्हा कळलं. मोटारीचं लेथ आलं ते नंतर. त्याआधी मालक दोरीच्या सांगाड्यावर कातायचे, आणि दोरी ओढायच्या आजी. एक वढ इकडं, एक वढ तिकडं. लाकूड एकदा पुढं फिरणार, एकदा मागं. पुढं फिरताना पटाशी लावायची, मागं फिरताना उचलायची. ओढणारीचा ताल चुकला तर कातणाऱ्याचं काम बिघडतं. पोटात पोर असतानाही दोरी ओढली, असं त्या सहज सांगून गेल्या. नंतर हे बिडाचं लेथ आलं, तेही त्या काळी जुनंच घेतलेलं, तेव्हा तेल घालायचं आणि पट्ट्याला राळ लावायचं काम त्यांच्याकडं आलं. पण गावात कातारी म्हणून नाव मालकांचंच. आजी आपल्या काताऱ्याची बायको.

भावाचं बोलणं अवघड होतं. आजींना भंगारवाल्याचा भाव माहीत होता, दुसरा कुठला माहीत नव्हता. आम्ही भंगाराच्या भावावर पाचशे रुपये जास्त म्हणालो असतो तरी त्यांनी दिलं असतं. गटात यावर वाद झाला, खोटं कशाला सांगायचं. दोघीजणी म्हणाल्या, गटाचा पैसा आहे, कर्जाचा हप्ता आहे, स्वस्तात मिळतंय तर घ्या. बाकीच्या म्हणाल्या, उद्या आपलं कुणाचं तरी शिलाई मशीन असंच कुणी उचललं तर? शेवटी असा हिशेब केला. वजन साधारण १८० किलो. भंगारवाला ३० रुपये किलोनं म्हणत होता, म्हणजे ५,४०० रुपये. हा सर्वात खालचा भाव. नव्या यंत्राचं कोटेशन हा वरचा. दुरुस्ती, मोटार, टेम्पो हे सगळं वरच्यातून वजा केलं आणि मधला आकडा काढला. आजींना १४,००० रुपये दिले. हिशेब त्यांच्या नातवाला फोनवर वाचून दाखवला आणि कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. जुन्या वस्तूची पावती नसते, म्हणून हा कागद करायचाच. पुढं चोरीच्या मालाचा संशय आला तर तोच कामाला येतो. त्यानंतर मोटार ७,०००, बेअरिंग, पट्टा, स्विच आणि वायरिंग ३,२००, टेम्पो आणि हमाली १,८००. एकूण २६,०००. नव्याच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी. तबकडी सापडत नव्हती, ती आजींच्या खुराड्याच्या दाराला वजन म्हणून टेकवलेली निघाली.

बीड जड असलं तरी ठिसूळ असतं, आपटलं की तडकतं. म्हणून उतरवायची घाई करायची नाही. सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढायचे. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावायची. डोकी वेगळी, सांगाडा वेगळा. टेम्पोत खाली जुने टायर आणि गोणपाट. दोर सांगाड्याला बांधायचा, कण्याला कधीच नाही; कणा एकदा वाकला की यंत्र गेलं.

मोटारीचं थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण इथंच जास्त फसायला होतं. जुन्या यंत्रांना बहुधा थ्री फेजची मोटार असते. आपल्या घरात सिंगल फेज. शेतीपंपाच्या थ्री फेज जोडणीवर यंत्र चालवू असं कुणी सुचवेल. ते बेकायदेशीर आहे, आणि शेतीची वीज येते तीही ठरावीक तास. आम्ही सिंगल फेजची एक हॉर्सपॉवरची मोटार घेतली, आणि महावितरणकडं शेडसाठी रीतसर वेगळी जोडणी मागितली. अर्थिंग नीट करून घ्या, त्यात काटकसर नको. मोटारीच्या पाटीवर फेरे लिहिलेले असतात, आमच्या मोटारीवर मिनिटाला १,४४०. आता हे फेरे लाकडापर्यंत किती पोचतात ते पुलीवर ठरतं. मोटारीची पुली तीन इंची आणि लेथची सहा इंची असेल तर फेरे निम्मे, म्हणजे ७२०. दोन्ही सारख्या असतील तर १,४४०. लाकूड जितकं रुंद, तितके फेरे कमी. दहा इंची पोळपाटाला आम्ही ७२० ठेवतो, लाटण्याला १,४४०. जुन्या यंत्राला त्याच्या वर नेत नाही. रुंद फळी चुकून जोरात फिरवली तर ती सुटून अंगावर येते, म्हणून पट्टा बदलला की सुरू करण्याआधी एकीनं दुसरीला मोठ्यानं फेरे सांगायचे, असा आमच्या शेडमध्ये नियम आहे.

आता कपड्यांचं. जुन्या यंत्रांचे पट्टे उघडे असतात. पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय आम्ही एकीलाही लेथवर उभं राहू दिलं नाही. लोहारदादांकडून पत्र्याची झाकणी करून घेतली. पदर, ओढणी, मोकळी वेणी, काचेच्या बांगड्या, सैल बाही, यातलं काहीही फिरत्या लाकडात गेलं तर हात मागं घ्यायला वेळ मिळत नाही. गटात सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. बांगड्या काढायला दोन सासवांचा विरोध होता. शेवटी ठरलं की कामापुरत्या काढायच्या, डबीत ठेवायच्या, उठताना घालायच्या. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, वरून बंद गळ्याचा एप्रन, मागं गाठ. हातमोजे घालायचे नाहीत. लोकांना वाटतं मोज्यानं हात वाचतो. फिरत्या यंत्रावर मोजा आधी अडकतो आणि हात त्याच्या मागं जातो. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कारण बारीक भुसा छातीत जातो. तेल घालायचं ते यंत्र बंद करूनच. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राच्या फिरत्या भागांना तेल घालायला बायकांना मनाई केलेली होती. आमचं म्हणणं एवढंच की पुरुषांनीही घालू नये, बोटं सगळ्यांना दहाच असतात.

लेथ झाल्यावर हाव सुटते. आम्हालाही सुटली. एका बंद पडलेल्या वखारीत मोठा बँड सॉ होता, मालक स्वस्तात द्यायला तयार होते. तिथं मात्र थांबा. लाकूड चिरायच्या यंत्रांवर वन खात्याची बंधनं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून जे आदेश निघाले त्यानंतर परवान्याशिवाय आरा गिरणी चालवता येत नाही, आणि लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कोणत्या आकाराच्या करवतीला परवाना लागतो हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारायचं, आणि उत्तर हातात आल्यावरच यंत्राला हात लावायचा. आम्ही अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतोय. तोवर परवानाधारक वखारीतून चिरलेल्या फळ्या बिलासह घेतो. आंब्याचं झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

आणि एक यंत्र फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. रंधा मारायचं जुनं यंत्र, ज्याचा पात्यांचा कणा चौकोनी असतो. चौकोनी कण्यात आणि टेबलात मोठी फट राहते आणि बोटं त्यात ओढली जातात. गोल कण्याचा रंधा त्यामानानं बरा. झाकण उघडून बघायचं, चौकोनी दिसला की नमस्कार करून निघायचं. असला रंधा कुणी आवडीनं जपून ठेवणार असेल तर ठेवू दे, कामाला लावू नये.

पैशाचं एक राहिलं. अनुदान किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं असेल तर जुनं यंत्र चालतं का, हे खरेदीआधी बँकेत विचारा. बँक बिल मागते आणि आपल्याकडं साध्या कागदावरची सही असते. आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलं. ज्यांच्या घरात सुतारकाम किंवा खेळणी करायचं काम चालतं त्यांनी २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आहे. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, तेव्हा अर्ज कुणाच्या नावावर करायचा हे घरात आधी बोलून घ्या.

आजी आता दर गुरुवारी शेडमध्ये येतात. पटाशीला धार त्याच लावून देतात, आणि त्याची मजुरी गट त्यांना देतो. डावीकडचं बेअरिंग आम्ही बदललं तेव्हा त्यांनी दुपारी येऊन हात लावून बघितला. "आता तापत न्हाई," म्हणाल्या, आणि बसून राहिल्या थोडा वेळ.

तर मैत्रिणींनो, कुणाच्या परड्यात, गोठ्यात, माहेरच्या सोप्यात असं काही पडून असेल तर किलोवर देऊ नका. घ्यायचं नसलं तरी आम्हाला कळवा, दुसऱ्या एखाद्या गटाला हवं असेल. कळवताना चार फोटो पाठवा : एक अख्ख्या यंत्राचा, एक नावाच्या पाटीचा, एक मोटारीच्या पाटीचा, आणि एक सुट्या भागांचा जमिनीवर मांडून. तुराट्या तेवढ्या आधी काढा.